कणकेचा कोंबडा आणि देवीचा फुलोरा

पीठ मळले की त्याला काही तरी आकार द्यावा, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. भाकरी वाटोळी असली काय आणि चौकोनी असली काय, पोट भरण्याच्या कामी दोन्ही सारख्याच. तरीही सणाच्या दिवशी गृहिणी करंजीला चंद्रकोरीचा बाक देते, मोदकाला कळ्या पाडते आणि शंकरपाळ्याचे चार कोन सांभाळते. आकाराने पदार्थाची चव बदलत नाही, हे तिला पुरते ठाऊक असते. बदलते ते दुसरेच काही तरी. हे दुसरे म्हणजे नेमके काय, ह्याचा विचार करण्यास सध्या एक चांगले निमित्त घरोघर मिळू लागले आहे.

ते निमित्त म्हणजे घरी भाजलेल्या बिस्किटांची सजावट. अलीकडे मोठ्या शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही हा छंद पोहोचला आहे. लोणी, साखर आणि मैदा एकत्र मळावयाचा, त्याची जाड पोळी लाटावयाची, पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या साच्याने तीतून तारा, फूल, ससा, मासा अशा आकृती कापावयाच्या, त्या भट्टीत भाजावयाच्या आणि निवल्यावर त्यांवर फॉन्डंट नावाच्या रंगीत साखरेचा पातळ पापुद्रा त्याच साच्याने कापून बसवावयाचा, अशी ही रीत आहे. ती परदेशची म्हणून कित्येक जण नाक मुरडतात. ती नवी म्हणून कित्येक जण तिचे कौतुक करतात. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. साचा परदेशचा असेल, फॉन्डंट हे नावही परदेशचे असेल. परंतु पिठाला आकार देणे, त्यावर साखर चढविणे आणि त्या आकारात काही हेतू ठेवणे ह्या तिन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून आहेत. इतकेच नव्हे, तर पिठाला कोणता आकार द्यावा आणि कोणता देऊ नये, ह्याविषयीचा एक गंभीर विचारही येथे झालेला आहे. आणि त्या विचाराशी वऱ्हाडातील एका गावाचा निकट संबंध आहे.

हे गाव म्हणजे कारंजा लाड. आज ते वाशीम जिल्ह्यात मोडते. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना ते वंदनीय आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ ह्या दिगंबर जैनांच्या तीन परंपरांची जुनी मंदिरे व त्यांतील हस्तलिखितांची भांडारे यांमुळे ते विद्वानांच्याही चांगल्या परिचयाचे आहे. हिंदू आणि जैन ह्या दोन्ही समाजांची वस्ती तेथे पूर्वापार आहे. त्यामुळे पिठाच्या आकाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी ह्या एकाच गावात शेजारी शेजारी नांदत आलेल्या आहेत. पहिली दृष्टी देवीच्या फुलोऱ्याची. दुसरी कणकेच्या कोंबड्याच्या कथेची.

प्रथम फुलोऱ्याकडे पाहू. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा गौरी घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात ह्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दोन्ही मुखवटे साडी-चोळीने आणि दागिन्यांनी सजविले, म्हणजे त्यांच्या मस्तकांवर दोरीला किंवा लाकडी चौकटीला तळलेल्या पिठाच्या निरनिराळ्या वस्तू टांगतात. हाच फुलोरा. त्यात करंज्या आणि पुऱ्या असतात. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य आहे वेणी, फणी, करंडा आणि आरसा ह्या चार आकृतींत. पश्चिम महाराष्ट्रात नवरात्रामध्ये घटावर कडाकण्यांची माळ बांधतात, तीतही ह्याच वस्तू आढळतात.

ह्या चार वस्तू सहज निवडलेल्या नाहीत. केस विंचरावयाची फणी, विंचरून घातलेली वेणी, कुंकवाचा करंडा आणि मुख पाहण्याचा आरसा, असा हा एका स्त्रीचा संपूर्ण शृंगार आहे. माहेरी आलेल्या लेकीला जे द्यावयाचे, ते येथे पिठात घडवून देवीला दिलेले असते. देवीने ते खावे ही अपेक्षा नाही. तिने ते ल्यावे ही भावना आहे. विसर्जनानंतर तोच फुलोरा प्रसाद म्हणून घरात आणि शेजारीपाजारी वाटला जातो. अर्थात तो आधी दागिना असतो आणि मागाहून खाऊ होतो.

फुलोरा करणे हे कौशल्याचे काम आहे. पीठ सैल झाले तर फणीचे दाते तळताना एकमेकांस चिकटतात. फार कोरडे झाले तर वेणीचे पेड वळतानाच तुटतात. म्हणून ते घट्ट भिजवून चांगले कुटून घ्यावे लागते. आरसा पुरीसारखा फुगला तर त्याचा आरसा राहत नाही, यासाठी त्यास टोचे मारावे लागतात. टांगण्यासाठी भोक पाडावयाचे ते तळण्यापूर्वीच, कारण नंतर पाडू गेल्यास वस्तूचे दोन तुकडे होतात. आच मंद ठेवावी लागते, कारण वस्तू आतपर्यंत कडक झाली नाही तर भाद्रपदातील दमट हवेत ती दुसऱ्याच दिवशी मऊ पडून दोऱ्यातून सुटते. ह्या कामाची हत्यारे म्हणजे करंजीचे कातणे, सुरी, वाटीची कड आणि बोटे. पत्र्याचा साचा हाताशी नव्हता, म्हणून काही अडले नाही.

आता साखरेकडे वळू. बिस्किटावरील फॉन्डंट पाहून आश्चर्य करणाऱ्या माणसाने होळीच्या सुमारास वऱ्हाडातील बाजारात जावे. तेथे साखरेच्या पांढऱ्याशुभ्र आणि रंगीत गाठ्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. लहान मुलांच्या गळ्यात ही गाठी घालण्याची चाल तिकडे होळीला आहे. महाराष्ट्राच्या इतर भागांत ती गुढीवर बांधतात. पाक शिजवून घोटला, म्हणजे तो गढूळ होऊ लागतो. त्याच वेळी, आधी दोरा घालून ठेवलेल्या लाकडी साच्यात तो ओततात. थोड्याच वेळात साखर गोठते आणि दोऱ्यासकट पदकांची माळ बाहेर येते.

संक्रांतीचा हलवा हा त्याहूनही नाजूक प्रकार. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन, खाली मंद निखारा ठेवून, त्यावर एकतारी पाक थेंबाथेंबाने सोडावयाचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवीत राहावयाचे. प्रत्येक थेंबाबरोबर दाण्यावर साखरेचा एक थर चढतो. असे थरावर थर देत गेले की दाण्याला काटा फुटतो. हे काम कित्येकदा दिवसचे दिवस चालते. मग असे दाणे ओवून नव्या सुनेसाठी हार, बांगड्या आणि बाजूबंद करतात. बोरनहाणाच्या वेळी लहान मुलासाठी मुकुट आणि बासरी करतात.

गाठी, हलवा आणि फॉन्डंट ही तिन्ही एकाच साखरेची रूपे आहेत. भेद आहे तो फक्त कणाचा. पाकातील साखर पुन्हा घट्ट होताना तिचे स्फटिक बनतात. हलव्यात तिळाभोवती हे स्फटिक हळूहळू मोठे होऊ दिले जातात, म्हणून काटा दिसतो. फॉन्डंटमध्ये नेमके उलट करावयाचे असते. पाक सुमारे ११५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, म्हणजे थंड पाण्यात त्याच्या थेंबाची मऊ गोळी होते. तो न हलविता कोमट होऊ द्यावयाचा आणि मग जोराने घोटावयाचा. त्यामुळे असंख्य स्फटिक एकदम जन्मतात आणि कोणासही वाढण्यास अवसर मिळत नाही. ते इतके बारीक राहतात की जिभेला कण लागत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच हलवायांनी हा प्रकार रूढ केला, आणि त्याचे नावही वितळणे ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून पडले. बिस्किटावर लाटून बसवितात ते फॉन्डंट मात्र निराळे. त्यात पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि पुष्कळदा जिलेटिन हा चिकट पदार्थ असतो. ह्या जिलेटिनाची गोष्ट पुढे येणारच आहे.

साच्याचा इतिहासही थोडक्यात पाहण्याजोगा आहे. जर्मनीतील न्युरेंबर्गसारख्या नगरांत मध आणि मसाले घातलेल्या बिस्किटांचा व्यापार मध्ययुगापासून चालत आला. युरोपातील अशा बिस्किटांना पूर्वी आकार देत ते कोरीव लाकडी ठोकळ्यांवर दाबून; त्यांवर साधुसंत, राजे आणि घोडेस्वार उमटत. हॉलंडात सेंट निकोलसच्या सणाला त्या संताच्याच आकृतीचे बिस्किट खाण्याची चाल आहे. पुढे कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त झाला, तेव्हा पत्रेकाम करणाऱ्या कारागिरांनी पट्ट्या वाकवून कापणीचे साचे बनविले. ठोकळा हे कोरीव काम करणाऱ्याच्या कलेचे फळ होते. पत्र्याचा साचा मात्र कोणाही गृहिणीस परवडू लागला. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळासाठी कुलकुल करतात, त्यास साचा असा नसतोच. पिठाची गोळी फणीच्या किंवा काट्याच्या दात्यांवर दाबून गुंडाळली की झाले. वऱ्हाडात पिठाची फणी होते आणि गोव्यात फणीवर पीठ वळते, हा योगायोग मनोरंजक आहे.

मराठी घरात बिस्किटाचा प्रवेश मात्र इतक्या सहजासहजी झाला नाही. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनच्या शाळेत व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. पाहुण्यांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत येऊन ठेपले. त्या वेळचा प्रश्न एवढाच होता, की बिस्किट कोणाच्या हातचे? ते वाटोळे होते की चौकोनी, ह्याची विचारपूस कोणी केली नाही. आज ते घरच्याच हातचे झाले, तेव्हा तो जुना वाद संपला. परंतु त्या वादाहून जुना आणि अधिक सूक्ष्म असा दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. तो हाताचा नव्हे, आकाराचा आहे; आणि त्याच्या शोधात पुन्हा कारंज्यास यावे लागते.

कारंज्याच्या जैन मंदिरांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत आणि प्राकृत पोथ्यांच्या सूचीत केली. ही सूची १९२६ साली नागपुरास प्रसिद्ध झाली. अपभ्रंश भाषेतील ग्रंथांचे किती मोठे धन येथे पडून आहे, हे तेव्हा जगाच्या ध्यानात आले. पुढे कारंज्याच्या चवरे घराण्यातील अंबादास चवरे यांच्या नावाने दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी तिच्यात अनेक ग्रंथ संपादिले. ह्या मालेचा पहिला ग्रंथ १९३१ साली निघाला. तो होता महाकवी पुष्पदंताचा जसहरचरिउ, आणि त्याचे संपादक होते डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य.

पुष्पदंत हा दहाव्या शतकातील कवी. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, येथे तो राहत होता. जसहर म्हणजे यशोधर. ह्याच राजाची कथा सोमदेवसूरीने शके ८८१ मध्ये, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, यशस्तिलक ह्या संस्कृत ग्रंथात सांगितली होती, आणि पुढे मराठी जैन कवींनीही ती हाती घेतली. कथा अशी आहे. उज्जयिनीच्या यशोधर राजास राणीचे दुर्वर्तन कळते आणि त्याचे मन संसारातून उडते. आपणास वाईट स्वप्न पडले, असे तो आईला सांगतो. अरिष्ट टळावे म्हणून देवीला पशू बळी द्यावा, असे आई सुचविते. राजाला जीवहत्या नको असते. शेवटी तडजोड होते ती अशी, की खरा कोंबडा मारावयाचा नाही; कणकेचा कोंबडा करावा आणि त्याचा बळी द्यावा. त्याप्रमाणे घडते. रक्ताचा थेंबही सांडत नाही. पुढे राणी मायलेकांना विष घालते आणि दोघेही मरतात.

येथून कथेला खरा आरंभ होतो. मोर आणि कुत्रा, मासा आणि मगर, बोकड, रेडा अशा पशुयोनींत मायलेक पुन्हा पुन्हा जन्म घेतात, पुन्हा पुन्हा मारले जातात, आणि शेवटी कोंबड्यांच्या जन्मातून सुटून मनुष्यजन्माला येतात. अभयरुची आणि अभयमती ही ती जुळी भावंडे. मारिदत्त नावाचा राजा देवीपुढे सर्व प्राण्यांच्या जोड्यांचा बळी द्यावयास निघालेला असतो. मनुष्याची जोडी म्हणून ह्याच दोघांना धरून आणतात. वधस्तंभापाशी ती आपली जन्मकथा सांगतात, आणि ती ऐकून राजाच्या हातातील शस्त्र गळून पडते.

एका कणकेच्या कोंबड्यासाठी एवढी शिक्षा! आजच्या वाचकास ही अतिशयोक्ती वाटेल. परंतु कवीचा मुद्दा नीट पाहिला पाहिजे. जैन विचारात हिंसेचे दोन भाग मानले आहेत. प्रत्यक्ष जीव घेणे ही द्रव्यहिंसा, आणि मारण्याचा भाव मनात धरणे ही भावहिंसा. पीठ कापले, ह्यात पाप नाही; पोळी रोजच कापली जाते. पण ज्याने त्या पिठाला कोंबडा मानले आणि कोंबडा मानूनच कापले, त्याने मनाने कोंबडा मारला. आकार दिला, त्याच क्षणी संकल्प झाला. ह्याच्या उलट, तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या परंपरेने यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू अर्पावा, असा पुरस्कार केला. तेथे पिठाच्या पशूने खऱ्या पशूचे प्राण वाचविले, हे लहान काम नव्हे. दोन परंपरांनी निर्णय उलट दिले. परंतु एका गोष्टीविषयी दोघींचे एकमत आहे. ती गोष्ट अशी, की पिठाला दिलेला आकार हा खेळ नव्हे. त्यात कर्त्याचे मन उतरते.

हा विचार केवळ पोथीत राहिला, असे मात्र नाही. पुष्कळ जैन घरांत आजही वडील मंडळी प्राण्यांच्या आकाराची मिठाई किंवा बिस्किटे मुलांना देत नाहीत. दिवाळीत बाजारात येणारे साखरेचे हत्ती-घोडे दिसावयास गोजिरवाणे असतात. पण मुलाने हत्तीची सोंड मोडून खाल्ली आणि हसत हसत तसे सांगितले, तर त्या हसण्यात काय मुरते, हा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न जैनांपुरताच राहिलेला नाही. अमेरिकेत १९०२ सालापासून प्राण्यांच्या आकाराच्या एका बिस्किटाची पेटी प्रसिद्ध आहे. तिच्यावर सर्कशीच्या पिंजऱ्यांत कोंडलेले प्राणी चितारलेले असत. प्राणिमित्रांच्या आग्रहावरून २०१८ साली ते पिंजरे काढून प्राणी मोकळ्या रानात दाखविण्यात आले. बिस्किटे मात्र तीच राहिली. पुष्पदंताने बहुधा पेटीच्या पुढे जाऊन बिस्किटाकडेही बोट दाखविले असते.

आता फॉन्डंटमधील जिलेटिन. हा पदार्थ जनावरांचे कातडे आणि हाडे उकळून काढतात. म्हणजे असे होऊ शकते, की एखाद्या घरात ससा नको, मासा नको म्हणून निव्वळ फुलाचा साचा घ्यावा आणि त्या फुलावर नकळत हाडांचा अर्क चढवावा. यशोधराने खरा कोंबडा टाळून कणकेचा केला; येथे कणकेचे फूल होऊन खरा पशू आत राहतो. शाकाहारी कुटुंबाने पाकिटावरील घटकांची यादी वाचणे म्हणूनच अगत्याचे आहे. जिलेटिनाच्या जागी समुद्रातील शेवाळापासून काढलेले अगर किंवा झाडाचा डिंक चालतो. बिस्किटातील अंड्याचे काम थोडे दूध किंवा दही भागविते. सजावटीत त्यामुळे काही उणे पडत नाही.

ह्या साऱ्यावरून नवा छंद टाकून द्यावा, असे मुळीच ठरत नाही. उलट, लहान मुले आणि वडील माणसे एका पाटाभोवती बसून काही घडवितात, ही गोष्ट आजच्या दिवसांत दुर्मिळ आहे. ती जेथे होईल तेथे होऊ द्यावी. चिंता आहे ती दुसरीच. महालक्ष्म्यांचा फुलोरा आता तयारही विकत मिळतो. तो घेणाऱ्या घराला वेळ नसतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु फणीला दाते किती ठेवावे, पीठ किती घट्ट असावे, आच केव्हा उतरावी, ही मापे पुस्तकांपेक्षा आजीच्या बोटांत अधिक राहत आली. विकतचा फुलोरा दोनचार वर्षे घरी आला, की ती बोटे थांबतात. आणि मग सून विचारील तेव्हा सांगावयास कोणी उरत नाही. इकडे त्याच घरातील नात साच्याने तारे कापण्यात तासन्तास रमलेली असते. एका पिढीच्या हातात कला आहे, पण मागणारा नाही. दुसरीच्या हातात हौस आहे, पण दाखविणारा नाही. दोघी राहतात मात्र एकाच घरात.

ह्यावर उपाय अवघड नाही. पत्र्याची पट्टी वाकवून फणीचा, करंड्याचा, कमळाचा किंवा आंब्याच्या पानाचा साचा कोणीही कारागीर करून देईल. भाद्रपदात नातीने त्या साच्याने फणी कापावी आणि आजीने तिला वेणी हाताने वळावयास शिकवावी; वेणीला साचा चालत नाही, ती वळावीच लागते. मग डिसेंबरात तीच मुलगी बिस्किटावर साखरेचे फूल बसवील, तेव्हा ते कोणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न तिच्या मनात आपोआप येईल. कारंज्याच्या पोथीने आणि वऱ्हाडच्या फुलोऱ्याने तो प्रश्न जिवंत ठेवला आहे. पोथी सांगते, आकारात हिंसेचा भाव ठेवू नका. फुलोरा सांगतो, आकारात मायेचा भाव ठेवा. पिठाला हात लावणाऱ्याने दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या, म्हणजे साचा कोणत्या देशातून आला ह्याची फारशी विचारपूस करण्याचे कारण उरत नाही.